तोल बघणाऱ्या सिस्टर

गायकवाड सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. सांगलीत आमच्या डॉक्टरसाहेबांचा कानाचा दवाखाना होता. रस्त्यावरून वर यायला सात दगडी पायऱ्या होत्या. सकाळी दार उघडलं की सिस्टर आतल्या बाजूला स्टूल घेऊन बसत आणि पायऱ्या चढणाऱ्यांची पावलं बघत. कोण भिंतीला हात लावून चढतो, कोण एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग दुसरी घेतो, कोण पाय फाकवून टाकतो. मग मला हळूच म्हणत, "शालन, त्या निळ्या लुगड्यातल्या बाईंना आधी विचार, सकाळपासून काही खाल्लंय का. त्यांचं कानाचं नाही." बहुतेक वेळा तसंच निघे.

मी त्या दवाखान्यात आया होते. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण अक्षर बरं, म्हणून सिस्टरनी मला पेशंटची नावं आणि तक्रारी वहीत लिहायला शिकवलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. सिस्टरनाही कुणी बोललंच पाहिजे असं नव्हतं. दिवसच्या दिवस आम्ही दोघी एका खोलीत काम करायचो आणि कामापुरतंच बोलायचो. त्यांच्याविषयी कुणी काही लिहील असं वाटत नाही. त्यांना मूलबाळ नाही, सख्खं कुणी मागं नाही. म्हणून मला आठवतं तेवढं लिहून ठेवते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सिस्टर पन्नाशीला आलेल्या, उंच, वाळक्या अंगाच्या. पांढरं पातळ, खांद्याला पिन, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. त्या ख्रिस्ती होत्या. रविवारी सकाळी उपासनेला जायच्या आणि तिथून सरळ खोलीवर. एका कासाराच्या माडीवर एक खोली भाड्यानं घेतलेली. त्यांच्याकडे रेडिओ होता, पण तो फक्त बातम्यांना लागायचा. बातम्या संपून गाणं सुरू झालं की बटण बंद. कासारीण दिवाळीला फराळाला बोलवायची. सिस्टर जायच्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, एक करंजी खायच्या आणि दहा मिनिटांत वर यायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, एकटीला करमतं का?"

"सकाळी उठायचं असतं ना," त्या म्हणाल्या, "तेवढं कारण पुरतं."

दवाखान्यात त्यांचा एक नियम होता. पेशंट आला आणि "चक्कर येते" म्हणाला की त्या म्हणत, "तो शब्द बाहेर पायरीवर ठेवून या. काय होतं ते सांगा." माणूस गोंधळून जायचा. मग त्याच वाट दाखवत. बायकांना विचारत, "फुगडी सुटल्यावर घर फिरतं, तसं फिरतं का? का उपासाच्या दिवशी चुलीपुढनं उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, तशी येते? का होडीत पाय टाकल्यासारखी जमीन मऊ लागते?" फुगडी म्हणाली की ती बाई कानाच्या तपासणीला जायची. अंधारी म्हणाली की डॉक्टरसाहेब तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त बघायचे, झोपवून आणि उभं करून रक्तदाब घ्यायचे. होडी म्हणाली की पायांच्या नसा तपासायचे. अर्धं काम सिस्टरच्या त्या तीन प्रश्नांनी व्हायचं. डॉक्टरसाहेब मुंबईला शिकलेले, पण तेही म्हणत, "सिस्टरनी काय विचारलं ते आधी सांगा."

हळदीचे एक व्यापारी आले होते, चांगले भरदार. पायरी उतरताना जग खाली जातं, म्हणाले. सिस्टर त्यांचे पाय बघतच होत्या. त्यांनी विचारलं, "चष्मा कधी केला?"

"हा? झाले पंधरा दिवस. खालनं वाचायचा, वरनं लांबचं बघायचा."

"आणि जग कधीपासनं खाली जातंय?"

व्यापारी बोटं मोजायला लागले आणि मध्येच थांबले. "सिस्टर," आवाज बारीक करून म्हणाले, "बाजारात सांगू नका. मी नवस बोलून बसलोय."

"फेडा की. चष्मा लागू पडला म्हणून फेडा."

सिस्टर हसल्या नाहीत. त्या अशा वेळी कधीच हसत नसत. हसू मला यायचं, मी तोंडाला पदर लावून आत जायची.

आणि तो पैलवान. पलूसकडचा होता, वीस-बावीसचा, मानेवरनं बैल जावा असा. तालमीत डोक्यावर आपटला होता. तेव्हापासून अंथरुणात कूस बदलली की छप्पर गरगरायचं. त्याची तपासणी अशी असते की पेशंटला टेबलावर बसवायचं, मान एका बाजूला वळवायची आणि पटकन उताणं झोपवायचं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवून. मग डोळ्यांची बुबुळं कशी उडतात ते बघायचं. डॉक्टरसाहेब अंगानं लहान. त्यांनी पैलवानाला मागं लोटलं, की खांदा टेबलाला लागायच्या आत गडी कमरेतून उसळी मारून पालथा. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी टेबलच सरकलं.

"अरे, झोप ना उताणा!"

"साहेब, मी न्हाई करत वो. आपसूक हुतंय."

बरोबर आलेला वस्ताद दारात उभा राहून पोट धरून हसत होता. "साहेब, ह्याची पाठ लावायला कोल्लापुरातनं दोघं जण येऊन गेलं. न्हाई लागली. तुमी काय लावताय!"

सिस्टरनी वस्तादाला बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि पैलवानाच्या शेजारी जाऊन म्हणाल्या, "बाळ, इथं माती नाही, पंच नाही. इथं पाठ लागली तर कुस्ती धरत नाहीत."

पोरगा माझ्याकडे मान करून म्हणाला, "मावशी बगत्यात की."

"शालन, भिंतीकडं तोंड कर," सिस्टर म्हणाल्या. मी केलं. मागून आवाज आला, "आई गं, फिरलं, फिरलं, धरा मला!" अर्ध्या मिनिटात तो शांत झाला. मग सिस्टर म्हणाल्या, "झालं. उठ." कानाच्या आतलं काहीतरी बारीकसं मारानं जागचं हललं होतं. डॉक्टरसाहेबांनी त्याच कुशीवर रोज पुन्हा पुन्हा पडायचा व्यायाम दिला. बाहेर वस्तादानं विचारलं, "लागली का पाठ?" पैलवानानं सिस्टरकडे बघितलं.

"नाही लागली," सिस्टर म्हणाल्या.

हे सगळं असं चालायचं. पण प्रत्येक पेशंटला त्या शेवटी अजून एक प्रश्न विचारत, पैलवानाला विचारला, व्यापाऱ्यालाही विचारला: "छातीच्या आजाराच्या सुया कधी घेतल्यात का?" माणूस "नाही" म्हणाला की त्या मान हलवत आणि पुढचं नाव पुकारत. मला वाटायचं, विचारायची रीत असेल.

एकदा गच्चीवर पट्ट्या वाळत घालताना त्यांनी आपणहून सांगितलं. आमच्याकडे यायच्या आधी अठरा वर्षं त्या सातारा जिल्ह्यात डोंगरातल्या एका क्षयाच्या दवाखान्यात होत्या. बायकांचा वॉर्ड त्यांच्याकडे. रोज सकाळी सुया द्यायच्या. सांगलीला आल्यावर डॉक्टरसाहेब एकदा बोलता बोलता म्हणाले, त्या सुईनं माणूस वाचतो, पण काही जणांच्या कानातला तोल जातो. दोन्ही कानांतला. ऐकू येतं, पण तोल मरतो. सिस्टरनी विचारलं होतं, "परत येतो?" आणि डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "नाही."

"माझा हात हलका होता, शालन," सिस्टर म्हणाल्या. "बायका म्हणायच्या, गायकवाड सिस्टरच पाहिजेत, बाकीच्यांची दुखते. नको म्हणणारीलासुद्धा मी गोड बोलून द्यायची." त्यांनी पट्टी झटकली. "त्यातली एखादी पडत असेल कुठंतरी. तिला माहीतही नसेल का पडते ते."

तेव्हा मला कळलं की रोज सकाळी स्टुलावर बसून त्या कुणाची तरी वाट बघतात. आणि ती येऊ नये असंही त्यांना वाटतं.

ती आली. अनसूया तिचं नाव, मेढ्याच्या पलीकडच्या एका गावची, तिशीच्या आतली. तिचा भाऊ फौजेत होता. रजेवर आला तेव्हा बहिणीला घेऊन साताऱ्याहून एस.टी.नं सांगलीला आला. बाई दारातून सरळ चालत आत आली, पण नजर जमिनीवर रोवलेली, पाय किंचित फाकलेले. सिस्टर स्टुलावरनं उठून उभ्या राहिल्या. असं त्या कधी करत नसत.

"चक्कर येती हिला," भाऊ म्हणाला. "सासरच्यांनी माहेरी आणून घातलंय. म्हनत्यात, बाहेरचं हाय. मला पटत न्हाई, सिस्टर. आमच्या युनिटमधी एकाला असंच हुतं, डाक्टरसाबनी कान बगितला."

सिस्टरनी तो शब्द पायरीवर ठेवायला सांगितलं नाही. सरळ विचारलं, "फुगडी सुटल्यावर घर फिरतं, तसं होतं का?"

अनसूया जराशी हसली. "फुगडीनं तर मला कायच हुत न्हाई."

"म्हणजे?"

"आजारातनं उठले त्या वर्साला पंचमीला घातली की फुगडी. दुसरीच्या हाताला धरून. सुटल्यावर समद्या गरगरून खाली बसल्या. माजं डोस्कं फिरलंच न्हाई. तवापासनं बाया म्हनाया लागल्या, हिच्यात कायतरी हाय. मानसाला घेरी येती, भुताला येत न्हाई."

"मग पडतेस कधी?"

"तोंड धुताना. साबन लावून डोळं मिटलं की गेलेच. पहाटं अंधारात बाहिर गेले की. उजेडात पडत न्हाई, पन चालाया लागलं की समोरचं घर नाचतंय."

"आजार कसला होता?"

"छातीचा. लय सुया घेतल्या."

सिस्टरनी दवाखान्याचं नाव विचारलं. अनसूयानं सांगितलं. मी वहीत लिहिलं. डोंगरातला, सिस्टरचा तोच दवाखाना.

कानाच्या तपासणीत शेवटी कानात गार पाणी सोडतात. चांगल्या माणसाला त्यानं भोवंडून येतं, बुबुळं एका बाजूला धावतात, कुणी कुणी ओकतं. मी भांडं धरून उभी असायची. सिस्टर पेशंटच्या मानेखाली हात ठेवत आणि म्हणत, "जाईल, जाईल, आत्ता जाईल." त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी पाणी सोडलं. अनसूया पडून राहिली. दुसऱ्या कानात सोडलं, तरी काही नाही. मग मला सोडा-लेमनच्या दुकानातून बर्फ आणायला पाठवलं. बर्फाचं पाणी दोन्ही कानांत घातलं.

"काय होतंय?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"गार वाटतंय."

"आणखी?"

"आनखी काय?"

मी धरलेलं भांडं कोरडंच राहिलं. डॉक्टरसाहेबांनी सिस्टरकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. सिस्टरचा हात अजून तिच्या मानेखालीच होता. अनसूया वर बघत म्हणाली, "मी तवाच वळखलं तुमाला, सिस्टर. हातावरनं. बोलावं का नगं, म्हनून गप बसले."

"तू खिडकीजवळच्या खाटेवर होतीस," सिस्टर म्हणाल्या.

"व्हय. मी तुमाला तवा सांगितलं व्हतं, उठलं की जमीन हालती म्हनून. तुमी म्हनाला, अशक्तपना हाय, दूद पी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. लांबच्या नात्यातलं कुणी भेटल्यावर जुनं काढावं तसं ती सांगत होती. "मी प्याले की रोज."

त्या संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी सिस्टर डॉक्टरसाहेबांसमोर टेबलावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला घाला पाणी." डॉक्टरसाहेब नको म्हणत होते. शेवटी घातलं. सिस्टरना इतकं गरगरलं की त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि त्या ओकल्या. मी तोंड पुसलं. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "माझं फिरतंय, शालन. बघ ना. माझं सगळं ठीक आहे."

डॉक्टरसाहेब त्यांना समजावत होते. सुई दिली नसती तर ती बाई आज जिवंत नसती, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का, म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "ते खरं आहे. पण तिनं मला सांगितलं होतं. मी डॉक्टरांना कळवलं असतं तर निदान थोड्या सुया कमी झाल्या असत्या."

मग त्यांनी ठरवलं की अनसूयाच्या सासरी जाऊन सांगायचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "कारण शोधणं आपलं काम, सिस्टर. घरोघर जाऊन सांगणं नव्हे."

"ह्या घरी आहे," सिस्टर म्हणाल्या.

भावाची रजा संपायच्या आत आम्ही गेलो. सिस्टर, अनसूया, भाऊ आणि सोबतीला मी. साताऱ्याला गाडी बदलली, मेढ्याला उतरून पुढं दोन तास चाललो. सासू ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला वाटलं होतं, आता शिव्या ऐकायच्या. पण सासू उठली, सुनेच्या तोंडावरनं हात फिरवला, म्हणाली, "वाळलीस गं." सासूच्या स्वतःच्या गळ्यात मंतरलेला दोरा होता, सुनेसाठी बांधलेला. देवऋष्यानं सांगितलं होतं, बारा अमावास्या धरल्या की वारं उतरेल. तिनं दहा उपास केले होते. दोन राहिले होते. अनसूयाची लुगडी घडी घालून ठेवलेली तिनं आम्हाला दाखवली.

सिस्टरनी सगळं नीट सांगितलं. कानात तोलाची जागा असते, ती औषधानं गेली, हिला भूतबाधा काही नाही. अनसूयाला अंगणात चालायला लावलं, ती चालली. डोळे मिटून उभी राहा म्हणाल्या, तर ती झाड तोडल्यासारखी कलली आणि सिस्टरनी तिला झेललं. नवरा खांबाला टेकून उभा होता. सिस्टर म्हणाल्या, "त्या सुया मी दिल्या. माझ्या हातनं झालंय हे. तिचा दोष नाही, तुमच्या घराचाही नाही."

सासूनं विचारलं, "मंग बरं कवा हुईल?"

मी सिस्टरकडे बघितलं. एक शब्द खोटा बोलावा असं मला वाटत होतं.

"बरं होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "सवय होईल. उजेडात काम करेल. अंधारात तिला एकटीला जाता येणार नाही, कधीच."

सासूनं गळ्यातला दोरा मुठीत धरला. "आवं बाई," ती म्हणाली, "वारं आसतं तर उतारलं आसतं. आता ह्याला काय करू मी?"

नवऱ्यानं कोपऱ्यातला विळा घेतला आणि तो रानाकडं निघून गेला. त्याचा आवाज मी ऐकलाच नाही. सासूनं आम्हाला चहा दिला. निघताना लुगड्यांचं गाठोडं अनसूयाच्या हातात दिलं.

दोन महिन्यांनी भावाचं पत्र आलं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पत्र मीच वाचून दाखवलं. सिस्टरनी ते पुन्हा वाचायला लावलं. "दोन अमावास्या राहिल्या होत्या," एवढंच म्हणाल्या. कारण कळलं नसतं तर ते घर अजून थांबलं असतं, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

त्यानंतर सिस्टरची उपासना सुटली. पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी दुपारी त्या एस.टी.त बसायच्या, साताऱ्यात एका जुन्या ओळखीच्या नर्सकडे राहायच्या आणि रविवारी सकाळी अनसूयाच्या माहेरी. दोन-तीनदा मी बरोबर गेले. सिस्टर तिला बांधावरून चालवायच्या. पायांना काय लागतं ते सांग म्हणायच्या. आधी टाच, मग बोटं. भिंतीवरची एक खूण धरून ठेव, डोळ्यांनी तिला सोडू नको. तोंड बसून धुवायचं, हात जमिनीला लावून. चार महिन्यांनी अनसूया कडेवर भाच्याला घेऊन अंगण ओलांडायला लागली. सिस्टर पावलं मोजायच्या, आणि चुकून पडली तर धावत जायच्या.

एकदा पडल्यावर अनसूया तशीच मातीत बसून राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमी सांगितलं ते बरं केलं. आधी पडले की वाटायचं, कुनाचं काय केलं मी. आता पडले की नुसती पडते."

मला वाटलं, सिस्टरना हे ऐकून हलकं वाटेल. परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "ती माझी समजूत घालते, शालन. हे तिच्यावर यायला नको होतं."

वर्षभरानंतरच्या एका रविवारी अनसूया आम्हाला गावाबाहेरच्या वळणापर्यंत पोचवायला आली. तिथं उभी राहून, नजर सिस्टरच्या पायांवर ठेवून म्हणाली, "सिस्टर, आता येऊ नगा."

"का गं?"

"तुमी आला की समदं गाव ओट्यावर येऊन बसतंय. अनसूया कशी चालती बगाया. तुमी नसला की कुनी बगत न्हाई. मी चालते, पडते, उठते. कुनाच्या ध्यानात राहात न्हाई." तिनं सिस्टरचा हात धरला. "मला तसंच पायजे."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, विचार करायला वेळ घेतला नाही. नंतर साताऱ्यापर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या दिवसानंतर त्या मेढ्याला गेल्या नाहीत. रविवार पुन्हा मोकळा झाला, पण उपासनेलाही जाईनात. खोलीत बसून असायच्या. पेशंटना शेवटचा प्रश्न मात्र विचारायच्या, आणि कुणी "जमीन हलते" म्हणालं तर "अशक्तपणा" हा शब्द मला वहीत लिहू द्यायच्या नाहीत.

पुढं माझ्या भावाची बायको वारली आणि पोरांचं करायला मला जतला जावं लागलं. नंतर सिस्टर कुठं गेल्या, मला कळलं नाही. मी एक पत्र घातलं होतं, ते परत आलं. सांगली सोडायच्या महिनाभर आधी डॉक्टरसाहेबांच्या पुतण्याचं लग्न साताऱ्यात होतं, तिथं आम्ही दोघी गेलो होतो. तेवढंच आता सांगायचं राहिलंय.

लग्न आटपून भर दुपारी आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होतो. बाजाराचा दिवस होता, पाय ठेवायला जागा नाही. सिस्टर नेहमीसारख्या माणसांची पावलं बघत होत्या. एकाएकी त्यांनी माझा दंड धरला. समोरून, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून अनसूया चालली होती. डोक्यावर रिकामी पाटी, एका हातानं धरलेली. घेवडा विकून निघाली असावी. पाय जरासे फाकलेले, नजर समोरच्या मेढ्याच्या गाडीच्या बोर्डावर रोवलेली. आमच्यापासून दहा हातांवर होती.

"हाक मारू?" मी म्हणाले.

"नको!" सिस्टरनी माझं तोंडच धरलं असतं. "हाक मारलीस तर ती मान वळवेल. चालता चालता मान वळली की ती पडेल." आणि मग हळू म्हणाल्या, "तिनं नको म्हटलंय."

आम्ही खांबाच्या आड उभ्या राहिलो. एक हमाल हातगाडी घेऊन आडवा आला. अनसूया थांबली, पाय रोवले, गाडी जाऊ दिली, पुन्हा निघाली. पुढं वाटेत अर्धी वीट पडली होती. पायाला लागल्यावरच तिला ती कळली. अंग एका बाजूला झुकलं. सिस्टरचा श्वास मला ऐकू आला. अनसूयानं नजर बोर्डावरून काढली नाही. पायानं चाचपून विटेच्या कडेनं गेली, गाडीपाशी पोचली, पाटी आत दिली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि चढली. एवढ्या मोठ्या स्टँडवर तिच्याकडं कुणीही बघत नव्हतं.

मेढ्याची गाडी गेली. आमची लागली.

"तू जाऊन जागा धर," सिस्टर म्हणाल्या. "मी आले."

मी आत चढून खिडकीशी बसले, शेजारी रुमाल टाकला आणि बाहेर बघितलं. गर्दीतून वाट काढत सिस्टर त्या मोकळ्या जागेत गेल्या होत्या. लग्नासाठी नेसलेलं त्यांचं चांगलं पातळ उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं. त्या वाकल्या, ती अर्धी वीट दोन्ही हातांनी उचलली, कडेला भिंतीशी नेऊन ठेवली. मग हात झटकले आणि गाडीकडं यायला निघाल्या.